न चाखलेलं भोकर

‘प्रयोगशाळेत काहीही खाऊ-पिऊ नये’ अशी पाटी आमच्या विभागाच्या दारावर होती. ती मारकड सरांनीच स्वतःच्या हाताने रंगवून लावलेली होती, आणि ती न पाळणारा माणूसही विभागात एकच होता, तो म्हणजे मारकड सर. नवीन फळ आलं की ते बेसिनशी जाऊन हात धूत, डाव्या हाताच्या अनामिकेवर फळाचा गर किंवा पावडर घेत, जिभेच्या टोकावर ठेवत आणि डोळे मिटत. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. खुर्ची सरकवायची नाही. मग चूळ भरून ते टेबलाशी येत आणि वहीत लिहीत. वहीत दोनच रकाने असत, डावीकडे ‘जीभ’ आणि उजवीकडे ‘यंत्र’. डावा रकाना भरल्याशिवाय उजव्यात काही लिहायचं नाही, असा त्यांचा कायदा होता.

डाव्या रकान्यातल्या नोंदी मी अजून विसरले नाही. ‘खिरणी: गोड, मग ओठ चिकटतात. खारी आवडीने खातात.’ ‘निवडुंगाचं बोंड: पाणचट गोड, जीभ दोन तास जांभळी. पोरं खातात, मेंढी काट्याला भिते.’ ‘उंबर: फिकं. आतल्या किड्यांसकट सगळं गाव खातं.’ कोणतं फळ कोण खातं, हे त्यात असायचंच. ज्याला पाखरू, जनावर किंवा माणूस यांपैकी कुणीच तोंड लावत नाही, ते फळ सर कधी चाखत नसत. “शेळीनं सोडलं तर मी कोण धरणारा?” असं म्हणत.

हे शेळीचं उगाच नव्हतं. सरांचे वडील मेंढरं घेऊन उन्हाळ्यात गोदावरीकाठापर्यंत उतरत. सर दहावीपर्यंत सुट्टीत त्यांच्याबरोबर फिरले. रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून शहरातल्या कॉलेजात लागले, तरी डोंगर चढताना त्यांची नजर झुडपांच्या बुंध्यांवर असे. एकदा दौलताबादच्या बाजूला आमची सहल नेली होती. मुलं किल्ल्याकडे बघत होती आणि सर एका काटेरी झुडपाशी उकिडवे बसून म्हणाले, “पुस्तकात लिहिलंय, फळातली ही द्रव्यं माणसाला चांगली. बरोबर आहे. पण झाडानं ती तुमच्यासाठी केलेली नाहीत. ऊन लागलं, कीड लागली, पाणी तुटलं, म्हणून त्यानं स्वतःला वाचवायला केलीत. आपण मधी घुसलोय. पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं.”

त्यांचं बोलणं दोन प्रकारचं होतं. शिकवताना शुद्ध. मनात काही हललं की मात्र ‘लई’, ‘व्हय’, ‘नाय’ बाहेर पडत. आम्हाला त्यावरून हवामान कळायचं.

मी कन्नड तालुक्याच्या गावी शाळेत शिकलेली. वडील वाळूजला कंपनीत लागले म्हणून आम्ही बजाजनगरला राहायला आलो. आमच्या दोन्हीकडच्या घरांत माझ्याआधी कुणी बी.एस्सी. झालं नव्हतं. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी मार्गदर्शक निवडायची वेळ आली, तेव्हा बाकीच्या मुलींना कुणाकडे जायचं ते ठाऊक होतं आणि मला काहीच ठाऊक नव्हतं. मी दारात उभी होते. सरांनी मान वर न करता विचारलं, “गावाकडं कोणतं फळ खाल्लंस जे इथं बाजारात मिळत नाय?” मी म्हणाले, भोकर. त्यांनी वहीचं नवीन पान काढलं आणि वर माझं नाव लिहिलं. माझ्या पुढच्या आयुष्याचं जे काही झालं ते त्या पानापासून.

स्टाफरूममध्ये त्यांच्या चाखण्याची थट्टा व्हायची. एका ज्येष्ठ प्राध्यापकांचं वाक्य तर सगळ्या विभागाला पाठ होतं: “मारकड, अहो ही लॅब आहे, कुरण नव्हे!” सर हसत. मी तरी त्यांना हसतानाच पाहिलं होतं. त्या हसण्याखाली काय साठत होतं ते कळायला तो उन्हाळा यावा लागला.

विभागात रशीदभाई म्हणून परिचर होते. नळ्या धुणं, द्रावणं भरणं, यंत्र पुसणं ही सगळी कामं त्यांची. सरांचे आणि त्यांचे वीस वर्षांचे संबंध. दुपारी दोघं मागच्या पायरीवर बसून बिनदुधाचा चहा पीत. त्या वर्षी रशीदभाईंच्या पत्नीच्या, शमीमभाभींच्या गळ्यात गाठ निघाली. दुखणं कर्करोगाचं होतं. सरकारी दवाखान्यात त्यांना लाईट देणं सुरू झालं. किरणांच्या उपचाराला आमच्याकडे लाईटच म्हणतात. आठवड्याचे पाच दिवस जावं लागे. गळा आतून-बाहेरून भाजून निघायचा, पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. “साब, वो रोज बोलती, आज नक्को,” रशीदभाई सांगायचे आणि सर म्हणायचे, “रोज घेऊन जा. एक दिवस चुकवू नको.” हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, म्हणून पुढचं जास्त टोचतं.

एप्रिलमध्ये मुकुंदवाडी स्टेशनमागच्या झाडाची कच्ची भोकरं मी उतरवून आणली. बी काढायची, फोडी करायच्या, सावलीत वाळवून पावडर करायची आणि तिचा अर्क तपासायचा, असं काम होतं. तपासणी दिसायला सोपी. एक गर्द जांभळं द्रावण असतं. फळात शरीरातल्या पेशींची झीज अडवू शकणारी द्रव्यं जितकी जास्त, तितका तो जांभळा रंग लवकर उडतो आणि नळी पिवळी पडते. किती रंग उडाला ते यंत्र मोजतं.

भोकर ज्यांनी चिरलंय त्यांना ठाऊक आहे, आतला चिकट गर बोटांना सोडत नाही. नेमकी त्या दिवशी माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. भोकरं आईकडे सोपवताना मी बजावलं, “आई, लोणच्यासारखं मीठ लावू नकोस. नुसतं चिरायचं.” आई म्हणाली, “नाय लावत गं, तू जा.”

मोठा डबाभर पावडर तयार झाली, तिच्यातली थोडी तपासणीसाठी डबीत काढली, त्या दिवशी एका वर्तमानपत्राचे बातमीदार विभागात आले होते. कॉलेजातल्या संशोधनावर त्यांना काहीतरी लिहायचं होतं. सर बेसिनशी गेले. हात धुतले. मी डबीचं झाकण उघडून धरलं. सरांचं बोट डबीपर्यंत आलं. मग त्यांनी मागे वळून त्या पाहुण्यांकडे पाहिलं, रुमालाने हात पुसला आणि म्हणाले, “चल, यंत्रात लावू.”

वहीत डावा रकाना कोरा राहिला. मला ते दिसलं. मी विचारलं नाही.

नळीत अर्काचे थेंब पडले आणि जांभळा रंग आमच्या डोळ्यांसमोर गेला. इतका झटपट रंग उडालेला मी कोणत्याही फळाचा पाहिला नव्हता. सरांनीही नाही. बातमीदारांनी विचारलं, “म्हणजे कशावर उपयोगी?” सरांनी सावकाश समजावलं, की हे काचेच्या नळीतलं आहे, शरीरात काय होईल ते सांगता येत नाही, पेशींची नासधूस करणाऱ्या कणांचा संबंध कर्करोगासारख्या आजारांशी जोडला जातो खरा, पण पुष्कळ काम बाकी आहे. छापून आलं ते असं: ‘भोकर देणार कर्करोगाला टक्कर’. खाली सरांचा फोटो, हातात नळी.

सर चिडले. पण मी कृतज्ञ असले तरी खोटं लिहिणार नाही, ते थोडे सुखावलेही. कुरणवाल्या प्राध्यापकांनी त्या दिवशी त्यांना उठून हात मिळवला. सरांनी ते कात्रण शर्टाच्या खिशात ठेवलं. रशीदभाईंनी दुसऱ्या प्रतीतलं कापून प्लास्टिकमध्ये बंद करून आणलं आणि विचारलं, “साब, ये खाने में कुछ हर्ज तो नहीं?” सर यंत्राशी होते. म्हणाले, “अरे, लोणचं खातोच की आपण. खा बिनधास्त.”

कोणासाठी, ते त्यांनी विचारलं नाही.

बातमीनंतर सरांनी आणखी पावडर करायला सांगितली. दोन आठवड्यांनी एका रविवारी सकाळी मी पुन्हा भोकरं घरी आणली. अंघोळ करून बाहेर येते तर आई परातीपुढे बसलेली. शेजारी पातेल्यात फोडी पाण्यात बुडवलेल्या आणि पाटावर पिळलेल्या लिंबाच्या साली.

“आई, हे काय?”

“काय म्हंजे? तू मीठ नको म्हणालीस ना. मग चिकट कसं जाईल? लिंबाच्या पाण्यात टाकलं. काळं बी पडत नाय.”

“मागच्या वेळी पण?”

“मग! मागच्या वेळी चार लिंबं लागली. आता पाच घेतली, भोकरं जास्त हायेत.”

लिंबाच्या रसाने तो जांभळा रंग चुटकीसरशी उडतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं. यंत्राने मोजलं होतं ते आईचं लिंबू. मी परातीशेजारी खालीच बसले. आई घाबरून विचारत राहिली, “काय झालं नंदे? वंगाळ झालं का काही?” मी तिला काय सांगणार होते? तिने लेकीच्या शिक्षणाला हातभार लावला होता.

सोमवारी मी न चिरलेली भोकरं पिशवीत घेऊन लॅब उघडायच्या आधी दारात उभी राहिले. प्रकल्प जाईल, वर्ष जाईल, कदाचित सर मला दारातूनच परत पाठवतील, एवढंच डोक्यात होतं. मला वाटत होतं, काय जाणार असेल ते माझंच जाणार आहे.

सरांनी ऐकून घेतलं. कपाटातली जुनी डबी काढली, हात धुतले, बोटावर पावडर घेतली, जिभेवर ठेवली. डोळे मिटले नाहीत.

“आंबट,” ते म्हणाले. “भोकर आंबट नसतंय.”

माझ्या पिशवीतली चार भोकरं त्यांनी तिथंच ठेचून अर्क काढला आणि यंत्रात लावला. रंग जेमतेम फिका झाला. सर त्या आकड्याकडे पाहत होते तेवढ्यात रशीदभाई आत आले. सर म्हणाले, “रशीद, भोकराच्या पावडरीचा मोठा डबा आण. फेकायचाय.”

रशीदभाईंनी डबा आणला. तो अर्ध्याहून रिकामा होता.

“बाकी घर ले गया मैं, साब. आपने बोला था ना, खा बिनधास्त.”

“कोण खातंय?”

“शमीम.” रशीदभाईंचा चेहरा उजळला होता. “साब, बहुत फरक है. गला ठंडा हो गया, पानी पीती, खिचडी खाती. आपकू बतानेवालाच था. लाईट बंद कर दिया ना हमने. नौ दिन हो गए.”

सर टेबलाची कड धरून उभे होते. मी त्यांचा हात पाहत होते, चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती.

“नऊ दिवस,” ते म्हणाले. “लई झाले, रशीद. लई झाले.”

भाभींचा गळा बरा वाटत होता, कारण भाजणं थांबलं होतं. आत गाठ तशीच होती. हे सरांना कळलं, मला कळलं, आणि समोर उभा असलेला माणूस आनंदात होता. सरांनी कार्यालयातून दवाखान्यात फोन लावला. तिकडून सांगितलं, मशीन दोन वाजता बंद होतं, त्याआधी आणा, जितका खंड वाढेल तितकं वाईट. घड्याळात साडेअकरा झाले होते.

सरांनी लाकडी स्टँडमध्ये जांभळ्या द्रावणाच्या नळ्या लावल्या, बुचं घट्ट केली, भोवती काळा कागद गुंडाळला. “रशीद, घरी चल. सुनंदा, तू पण. दोन्ही अर्क घे.” रिक्षात सर मध्ये, मांडीवर स्टँड. खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरत. रशीदभाई विचारत होते, “हुआ क्या, साब? कुछ तो बोलो.” सर एवढंच म्हणाले, “भाभींसमोर सांगतो. दोनदा सांगायला जमणार नाय मला.”

रशीदभाईंचं घर कटकट गेटच्या आत, अरुंद गल्लीत. अंगणात बाजेवर शमीमभाभी बसल्या होत्या. गळ्याची कातडी काळी पडलेली, आवाज घोगरा, पण डोळ्यांत हुशारी. भिंतीवर ते प्लास्टिकमधलं कात्रण टांगलेलं होतं. सर त्याच्या बरोबर खाली बसले, बहुतेक ते दिसू नये म्हणून.

“आओ मारकडभाई! कॉलेज को छुट्टी है क्या? ये बच्ची कौन?”

“भाभी, मेरे से गलती हो गई,” सर म्हणाले. त्यांचं हिंदी मराठीच्या वळणाचं होतं, त्या दिवशी ते आणखीच अडखळत होतं. “वो पावडर में लिंबू था. हमकू मालूम नहीं था. पेपर में जो छपा, वो गलत है.”

शमीमभाभी नवऱ्याकडे वळल्या. “मैं क्या बोली थी? पहले दिनच बोली, ये लसोडा खट्टा कायकू है? ये बोले, चुप खा, कॉलेज का है!”

लसोडा म्हणजे भोकरच. त्यांच्या माहेरी खोकल्याच्या काढ्यात ते घालत. जे सरांच्या जिभेला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं, ते त्यांच्या भाजलेल्या जिभेला कळलं होतं. सरांनी खाली पाहिलं.

“मैं हर चीज पहले चाखता, भाभी. रशीद जानता. उस दिन पेपरवाला आया था. लोग हसते, के मेंढरं राखनेवाला है, मुंह लगाता है. मेरे को शरम आई. मैंने नहीं चाखा.”

वीस वर्षांत रशीदभाईंनीही हे ऐकलं नव्हतं. ते बाजेच्या पायाशी बसले.

सरांनी चूल विझवायला सांगितली, कारण द्रावण पेट घेणारं आणि विषारी होतं. मग नळ्या मांडल्या. पहिल्या नळीत डबीतल्या पावडरीचा अर्क टाकला. जांभळा रंग गेला, नळी पिवळी. दुसऱ्या नळीत ताज्या भोकराचा अर्क. रंग राहिला. तिसऱ्या नळीसाठी घरातलं लिंबू मागून घेतलं आणि थेंबभर पिळलं. पिवळी.

“मतलब सारा कमाल लिंबू का,” रशीदभाई हळूच म्हणाले. हजारो नळ्या धुतलेला तो माणूस, त्याला एका नजरेत कळलं.

“हां. लिंबू का.” सरांनी श्वास सोडला. त्यांना वाटलं, झालं.

“तो फिर मैं लिंबूच खाती,” शमीमभाभी म्हणाल्या. “उसमें क्या है? नली तो पीली हुई ना? किससे हुई, मेरेकू क्या करना.”

सरांनी प्रयोगाची चूक सिद्ध केली होती आणि भाभींच्या लेखी औषध आणखी सोपं झालं होतं. रशीदभाई दोघांकडे आळीपाळीने बघत होते. खरं म्हणजे त्यांच्याही चेहऱ्यावर पुन्हा आशा आली होती. आतल्या खोलीतल्या घड्याळात पाऊण वाजला.

“भाभी, लिंबाने गाठ जात नाही.”

“आपने तो उस दिन बोला था, लसोडे से जाती.”

“मैंने नहीं बोला. पेपर ने...”

“फोटो किसका है?” त्यांनी भिंतीकडे बोट केलं. “मारकडभाई, मैं उस मशीन पे नै जाती. आपकू क्या मालूम? पानी का घूंट कांच के माफिक उतरता था. नौ दिन से मैं सो रही. आप लोगां फिर वही जलाने लेके जाते मेरेकू.”

सर मान खाली घालून बसले. त्यांच्यापुढे स्टँडमध्ये तीन नळ्या, आणि दोन न वापरलेल्या. बाजूला स्टुलावर चहाचे कप होते, आम्ही आलो तेव्हाच रशीदभाईंच्या मुलीने आणून ठेवलेले, निवून गेलेले. सरांचा कप बिनदुधाचा. सरांची नजर त्या कपावर गेली. मग ड्रॉपरने त्यातलाच चहा ओढला आणि चौथ्या नळीत सोडला.

जांभळा रंग उडाला. नळी तांबूस पिवळी झाली.

शमीमभाभी पुढे वाकल्या. “ये क्या डाले?”

“आपकी चाय.”

“चाय से भी होता?”

“चाय से भी होता. मलाच आत्ता सुचलं, भाभी. एवढी वर्षं शिकवतो, पण सुचलं आत्ता.”

“ये तो मैं बीस साल से पी रही. दिन में छह बार.”

“व्हय,” सर म्हणाले. मग फार हळू, जवळजवळ माफी मागितल्यासारखं, “फिर भी गांठ आई ना, भाभी?”

रशीदभाईंनी तोंडावर हात धरला. मला वाटलं, आता त्या आम्हाला घराबाहेर काढतील.

“नली में गांठ नहीं है, भाभी,” सर म्हणाले. “नली में सिर्फ रंग है. मशीन जलाती है, मैं मानता. लेकिन वो गांठ को भी जलाती. ये कुछ नहीं जलाता. इसलिए ठंडा लगता.”

शमीमभाभी चारही नळ्या एकेक करून बघत होत्या. पिवळी, जांभळी, पिवळी, तांबूस. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, “वो काला बुरखा दो. धुला हुआ.” आणि सरांना, “आप आते क्या साथ? ये वहां रोने लगते.”

“येतो,” सर उठले.

जाता जाता भाभी माझ्याकडे वळल्या. “बेटी, ये नलियां उठा ले पहले. मेरे बच्चे शरबत समझेंगे.” आणि त्या बुरख्याच्या ओढणीने गळा झाकत, पावलं मोजत गल्लीत उतरल्या. त्यांच्या मागे रशीदभाई आणि सर. सरांनी जाताना भिंतीवरचं कात्रण खिळ्यावरून काढलं आणि घडी होत नव्हती तरी दोन्ही हातांनी वाकवून खिशात कोंबलं.

मशीन बंद व्हायच्या आधी ते पोचले. डॉक्टर रशीदभाईंना खूप बोलले; सर मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, “त्यांना नका बोलू. मला बोला.” चुकलेल्या दिवसांपायी उपचार लांबला. त्या खंडाने काय बिघडलं का, असं सरांनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, “ते आत्ता कुणीच सांगू शकत नाही. पाच वर्षं नीट गेली तर काही बिघडलं नाही म्हणू.”

सरांनी वर्तमानपत्राला चार ओळींचं पत्र लिहिलं. ते आतल्या पानावर, कोपऱ्यात आलं. त्यात एक वाक्य होतं: ‘फळ नीट न पारखता मी ते तपासले.’ माझं नाव नव्हतं, माझ्या आईचा उल्लेख नव्हता. विभागप्रमुख म्हणाले, घरातली गोष्ट घरात ठेवता आली असती. कुरणवाले प्राध्यापक पुन्हा हसू लागले. मी सरांना म्हणाले, चूक आमच्या घरातून झाली, ती लिहा. सर म्हणाले, “तुझी आई जे जन्मभर करत आली तेच तिनं केलं, गं. मी जे जन्मभर करत आलो ते मी केलं नाय.”

वहीत तिसरा रकाना आला: ‘कुणी चिरलं, कशात ठेवलं, सोबत काय होतं’. माझा प्रकल्प पुन्हा पहिल्यापासून झाला आणि त्यात भोकराचा आकडा सगळ्या फळांच्या खाली लागला. सरांनी तोच छापायला लावला. पाहुणे असोत, मंत्री असोत, त्यानंतर ते सगळ्यांसमोर बेसिनशी जात आणि चाखत. फक्त भोकर आलं की डबी माझ्याकडे सरकवत. “तू चाख.” मी गेल्यावर माझ्या मागच्या मुलींना तेच म्हणत. जेवणाच्या डब्यात कुणी भोकराचं लोणचं दिलं तर ते बाजूला ठेवत. कारण कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मी पुढे जालन्याच्या बाजूला एका कॉलेजात लागले. सर निवृत्त झाले आणि मुकुंदवाडीचं घर सोडून मुलाकडे परभणीला निघाले, त्या दिवशी मी त्यांना निरोप द्यायला स्टेशनवर गेले होते. छोटंसं स्टेशन, दोन बाकं, मागे तेच भोकराचं झाड. सामान आधीच ट्रकने गेलेलं. सरांच्या हातात एक पिशवी, तिच्यात सगळ्या वह्या. गाडी येताना दिसायला लागली तेव्हा रशीदभाई धावत, धापा टाकत आले. हातात काचेची बरणी होती.

“साब, शमीम ने भेजा. लसोडे का अचार.”

सरांनी बरणी घेतली नाही. “आज दवाखान्यात बोलावलं होतं ना? काय म्हणाले?”

“वहीं से आया.”

“रिपोर्ट?”

“साफ है.”

“पुढची तारीख?”

रशीदभाईंनी मान हलवली. “तारीख नै दिए. डॉक्टर बोले, अब मत आओ.”

“मत आओ म्हणजे?”

“मतलब... हो गया, साब. पांच साल हो गए ना.”

गाडी थांबली. तिथं ती मिनिटभरच थांबते. मी वह्यांची पिशवी उचलून डब्यात ठेवली आणि ओरडले, “सर, चढा!” सर फलाटावरच उभे होते. त्यांनी बरणी हातात घेतली, झाकण फिरवलं, डावी अनामिका आत बुडवली आणि जिभेच्या टोकावर ठेवली. डोळे मिटले.

गाडीने शिट्टी दिली. रशीदभाई आणि मी, दोघंही बोललो नाही.